‘गोष्ट सांगू नकोस’ म्हणजे नक्की काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी आयबी डिप्लोमा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) घेतलाय आणि त्यात साहित्य हायर लेव्हलला, म्हणजे वरच्या पातळीला. आतापर्यंत भाषेत वर्गात कायम पुढे. पहिल्याच चाचणीत ७ पैकी ३. उत्तरपत्रिकेवर बाईंचा एकच शेरा, ‘गोष्ट सांगू नकोस’. आता अलंकार पाठ करू, चांगलं गाईड आणू, की सरळ स्टँडर्ड लेव्हलला उतरू? घरचे म्हणतात उतर, उगाच एकूण गुण घसरतील.

निदान हे सत्र संपेपर्यंत तरी उतरू नकोस. हा विषय मी बावीस वर्षं शिकवते आहे, मध्ये काही वर्षं बाहेरचे पेपरही तपासले. पहिल्या चाचणीत ३ मिळालेली मुलं मला ५ मिळालेल्यांपेक्षा सोपी जातात. ५ वाल्यांना वाटतं आपलं जमलंय, आणि मग ते पुढचं वर्षभर तेच करत राहतात.

३ का मिळाला ते आधी बघू. आजवरच्या परीक्षांनी तुला बहुतेक वेळा एकच विचारलं: काय झालं? कोण कोणाला म्हणालं, का म्हणालं, यातून बोध काय. त्यात तू तरबेज झालीस. आता परीक्षकाला काय झालं ते माहीत आहे, उतारा त्याच्या समोरच आहे. वाचताना तुला जे वाटलं ते कुठल्या शब्दामुळे वाटलं, एवढंच त्याला तुझ्याकडून ऐकायचंय. हा प्रश्न मी वर्गात इतक्या वेळा विचारते की मुलं माझी नक्कल करताना तेच म्हणतात, ‘कुठल्या शब्दामुळे?’

करूनच बघू. पुढच्या चार ओळी मीच वर्गासाठी जुळवल्यात, कविता म्हणून त्यांचा फार मान ठेवायची गरज नाही.

आजी दार उघडते
दिवा लावते
दोन ताटं मांडते
एक उचलून ठेवते

पहिल्या तासाला बहुतेक जण लिहितात, ‘या कवितेत एकटेपणा ही थीम आहे. कवीने साध्या भाषेतून आजीचं दुःख प्रभावीपणे मांडलं आहे.’ यात चूक काही नाही. पण ओळींत ‘एकटी’ हा शब्द नाही, ‘दुःख’ही नाही. मग तुला ते कळलं कशावरून? ‘दोन’ आणि ‘एक’ यांवरून. सगळ्या कवितेत विशेषणं ही दोनच, आणि दोन्ही संख्याविशेषणं. कशी आजी, कसं घर, कसला दिवा, काही सांगितलेलं नाही. फक्त मोजलंय.

आता क्रियापदं बघ. उघडते, लावते, मांडते. एक काम, एक शब्द. चौथ्या ओळीत पहिल्यांदाच दोन क्रिया जोडून येतात: उचलून ठेवते. शिवाय ‘मांडली’, ‘ठेवलं’ असं नाही. भूतकाळ असता तर ही एका संध्याकाळची गफलत झाली असती. आपला साधा वर्तमानकाळ ‘आत्ता करते’ हेही सांगतो आणि ‘रोज करते’ हेही. मग ती रोज विसरते, की रोज जाणूनबुजून दोन मांडते? ओळी सांगत नाहीत. तूही निकाल देऊ नकोस, दोन्ही शक्यता कशामुळे उघड्या राहतात ते लिही.

याच्या पुढची गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, ‘बाई, पण हे बघतंय कोण?’ ‘आजी’ म्हणणारं नातवंडच असणार. ते घरात असेल तर दुसरं ताट लागणारच की! म्हणजे बघणारं माणूस घरात नाही, किंवा आहे पण जेवायला बसत नाही, किंवा हे सगळं लांबून आठवतंय. ओळी मी लिहिलेल्या, आणि त्यांतला सगळ्यात मोठा प्रश्न मलाच दिसला नव्हता. तेव्हापासून उत्तरपत्रिकेत ‘कवीला असं म्हणायचं आहे की’ दिसलं की मी ते खोडते. कवीला काय म्हणायचंय ते कवीलाही पूर्ण माहीत असतंच असं नाही.

हेच उत्तरात कसं येतं, ते एका चांगल्या विद्यार्थिनीच्या परिच्छेदात दाखवते. ‘ताट मांडून लगेच उचलण्यात आजीची जुनी सवय आणि आजचं वास्तव एकमेकांवर आदळतात. पहिल्या तीन ओळींतल्या एकेरी क्रियापदांची लय “उचलून ठेवते” या जोडक्रियेपाशी अडखळते; हात आधी गेला, भान मागून आलं. साध्या वर्तमानकाळामुळे ही एकदाची चूक न राहता रोजचा प्रसंग होते.’ वाक्यं तीनच. पहिल्यात म्हणणं, दुसऱ्यात शब्द आणि त्याने काय होतं ते, तिसऱ्यात तेच म्हणणं एक पायरी पुढे. ‘प्रभावीपणे’, ‘अतिशय सुंदररीत्या’, ‘वाचकाला विचार करायला भाग पाडते’ यांतलं एकही नाही. तुझ्या चाचणीच्या पेपरातून एवढे तीनच शब्दप्रयोग काढून बघ, किती उरतं ते.

अलंकारांच्या यादीचं म्हणशील तर पाठ कर, एक संध्याकाळ पुरते. पण नाव ओळखण्याला गुण नाहीत. ‘इथे अनुप्रास आहे.’ बरं, मग? त्या अनुप्रासाने ओळ घाईची होते, की जड होते, की दोन लांबचे शब्द कानात जवळ येतात, हे सांगितलंस की खरं काम सुरू झालं. संस्कृत किंवा जुनं साहित्यशास्त्र थोडं वाचलं असशील तर अभिधा (सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ बसत नाही तिथे घ्यायचा जवळचा अर्थ), व्यंजना (सूचित अर्थ) हे शब्द तुझ्याकडे आहेतच. ‘दोन ताटं’ची अभिधा म्हणजे दोन ताटं, व्यंजना म्हणजे नसलेलं माणूस. नवव्या शतकात आनंदवर्धन या संस्कृत साहित्यशास्त्रकाराने सूचित अर्थालाच काव्याचा आत्मा म्हटलं होतं. परीक्षक आज जे मागतो ते त्यापेक्षा फार निराळं नाही, फक्त तो त्याचा पुरावा मागतो. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी हत्यारं अगदी साधी आहेत: सांगतंय कोण, त्याला काय माहीत आहे, वाक्यं कुठे लांबतात किंवा तुटतात, काय पुन्हा येतं, काय मुद्दाम सांगितलेलं नाही, आणि उतारा कुठे वळतो. वळण सापडलं की निम्मा निबंध सापडला.

अपरिचित उतारा समोर टाकायची ही पद्धत छळ म्हणून कोणी शोधलेली नाही. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकांनी १९२०च्या दशकात विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाटल्या आणि काय वाटतं ते लिहून द्यायला सांगितलं. तेरा कवितांवरचे ते अभिप्राय १९२९मध्ये पुस्तकात आले. निवडक विद्यापीठातली निवडक मुलं, आणि गोंधळ सगळा तोच, जो माझ्या वर्गात असतो! त्यांनी ज्याला ठरीव प्रतिक्रिया म्हटलं ती तू रोज बघतेस. आई आली की वात्सल्य, पाऊस आला की विरह, म्हातारं माणूस दिसलं की एकटेपणा. शब्द वाचायच्या आतच उत्तर तयार असतं. वरच्या चार ओळींना मुलं ‘एकटेपणा’ म्हणतात तेही निम्मं असंच, बरोबर आलं तरी.

आता परीक्षेचं. २०२१पासून लागू असलेल्या आराखड्यात हायर लेव्हलला १३ कलाकृती वाचायच्या असतात, स्टँडर्डला ९. पेपर १ मध्ये दोन अपरिचित उतारे, दोन्हींवर लिहायचं, वेळ सव्वादोन तास, ३५ टक्के. पेपर २ म्हणजे दोन कलाकृतींची तुलना, पुस्तक जवळ नाही, पावणेदोन तास, २५ टक्के. १२०० ते १५०० शब्दांचा निबंध २० टक्के आणि तोंडी २० टक्के. स्टँडर्डला तो निबंध नसतो आणि पेपर १ मध्ये दोनपैकी एकच उतारा घ्यायचा असतो.

पेपर १ ला एका उताऱ्याला साधारण ६७ मिनिटं येतात. त्यातली पहिली पंधरा-वीस काहीही न लिहिता घालवायची. मुलांना हे पटत नाही, शेजारचा दुसरं पान मागतोय आणि आपण वाचतच बसलोय ही भीती मला कळते. पण पंधराव्या मिनिटाला लिहायला बसलेलं मूल आणि तिसऱ्या मिनिटाला बसलेलं मूल यांची उत्तरपत्रिका पहिल्या परिच्छेदातच वेगळी ओळखू येते. एकदा पेन खाली ठेवून वाच. दुसऱ्यांदा पेन घेऊन, फक्त जिथे काही बदलतं तिथे खूण कर: काळ, सूर, बोलणारा, वाक्याची लांबी. तिसऱ्यांदा शेवटापासून उलटी ये आणि विचार, हा शेवट याच्या आधी चार ओळी झाला असता तर काय गेलं असतं? उताऱ्यासोबत एक दिशादर्शक प्रश्न दिलेला असतो, तो हवा तर घ्यायचा. बहुतेकांनी घ्यावा.

तुझ्या शाळेत आयबीऐवजी अमेरिकेचं एपी किंवा इंग्लंडचं ए-लेव्हल असतं तरी मी हेच सांगितलं असतं. एपीच्या साहित्याच्या परीक्षेत तीन निबंध असतात, प्रत्येकी ६ गुण. त्यांतले ४ पुरावा आणि त्यावरच्या भाष्याला आहेत, मुख्य विधानाला फक्त १. ए-लेव्हलला किमान आठ कलाकृती आणि वेगवेगळ्या अर्थांची दखल घेणं हा स्वतंत्र निकषच. सगळीकडे पैसे एकाच खिडकीवर मिळतात.

तेरा पुस्तकं ऐकून घाबरू नकोस, दोन वर्षं आहेत. फक्त प्रत्येक पुस्तक दोनदा वाचायचं, हे आधीच धरून चाल. पहिल्यांदा सुट्टीत, झपाट्याने, कादंबरीसारखं, एकही खूण न करता. दुसऱ्यांदा वर्गाबरोबर, हळू. पहिल्याच वाचनात चार रंगांच्या हायलायटरने पानं भरणारी मुलं मी पुष्कळ पाहिली; शेवट माहीत नसताना महत्त्वाचं काय हे ठरणार कसं? दुसऱ्या वाचनात एक वही कर. तिच्यात कथानक लिहू नकोस, ते कुठेही मिळतं. तुला न कळलेली जागा लिही, तिचा पानक्रमांक लिही, आणि तीन ते सहा शब्दांची अवतरणं लिही, एका पुस्तकाला दहा-बारा. पेपर २ ला पुस्तक जवळ नसतं तेव्हा लांब उतारे आठवत नाहीत, चार शब्द आठवतात आणि तेवढे पुरतात.

या वहीवरून आठवलं. एका कादंबरीचा निवेदक भला माणूस आहे असं मी सहा वर्षं शिकवत होते. एका मुलीने वहीत नुसती मोजदाद केली होती: ‘मला नीट आठवतं’ हे तो किती वेळा म्हणतो. अकरा. तिने खाली लिहिलं होतं, ‘नीट आठवत असेल तर सारखं सांगायला कशाला लागतं?’ त्यावर्षीपासून ते पुस्तक मी वेगळं शिकवते. आधीच्या सहा वर्षांच्या मुलांना फोन करावा का, असं अजूनही कधीतरी वाटतं.

तुलनेच्या पेपरात मुलं सर्रास एक चूक करतात. निम्मा निबंध पहिल्या पुस्तकावर, निम्मा दुसऱ्यावर, मध्ये ‘त्याचप्रमाणे’ नावाचा पूल. तुलना परिच्छेदाच्या आत हवी, आणि फरकावर उभी हवी. समज, घराबद्दल प्रश्न आला, आणि तुझ्याकडे एक कादंबरी आहे, एक नाटक. ‘दोन्हींत घराला महत्त्व आहे’ याने काही साधत नाही. कादंबरीतलं घर निवेदकाच्या आठवणीत आहे, म्हणून ते हवं तसं मोठं होतं, बदलतं, खोटंही होऊ शकतं. नाटकातलं घर रंगमंचावर डोळ्यांसमोर आहे, त्याच्या भिंती हलत नाहीत, तिथून कोणी गेलं तर ते दारातून जाताना प्रेक्षकाला दिसतं आणि मागे रिकामी जागा उरते. इथे तू साहित्यप्रकाराबद्दलही बोललीस आणि घराबद्दलही. नाटकावर लिहिताना ‘वाचक’ लिहू नकोस, ‘प्रेक्षक’ लिही. कोण आत येतं, कोण गप्प बसतं, दिवे कधी जातात, हे संवादांइतकंच लिहिलेलं असतं.

एक सावधगिरी अनुवादित पुस्तकांची. तेरांपैकी किमान चार अनुवादित असतात. त्यांत एखाद्या शब्दाच्या नादावर पान भरू नकोस, तो नाद अनुवादकाचा असू शकतो. प्रतिमा, रचना, निवेदक, घटनांचा क्रम यांवर बोल, ते बहुतेक वेळा टिकून राहतं. मराठी माणसाला हे चटकन कळावं. भांडणाच्या मध्यात ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं की आपल्याकडे अख्खा प्रसंग फिरतो, आणि इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द पडलेला असतो.

तोंडी परीक्षेबद्दल थोडक्यात. दहा मिनिटं तू बोलायचं, पाच मिनिटं प्रश्न, एक उतारा मूळ भाषेतला आणि एक अनुवादातला, प्रत्येकी जास्तीत जास्त ४० ओळी. त्यांना जोडणारा जागतिक प्रश्न मुलं फार मोठा घेतात. ‘स्त्रियांवरील अन्याय’ दहा मिनिटांत मावत नाही. ‘घरातलं काम हे काम म्हणून मोजलंच जात नाही’ हे मावतं, कारण उताऱ्यात कोण उठतं, कोण बसून राहतं, कुणाच्या वाट्याला क्रियापदं येतात, इकडे बोट दाखवता येतं.

गाईडचं काय? मी बंदी घालत नाही, वाचतात सगळेच. पण क्रम सांभाळ: दुसरं वाचन झालं, वहीत तुझं म्हणणं लिहून झालं, मग गाईड. तेव्हा ते तुझ्याशी भांडणारा एक वाचक होतं. आधी वाचलंस तर त्याने जे पाहिलं तेवढंच तुला दिसेल. एकदा तपासताना ओळीने सहा पेपरांत ‘हिरवा रंग आशेचं प्रतीक आहे’ असं आलं. उताऱ्यात हिरवी होती ती विषाची बाटली. एआयलाही हेच लागू. त्याला उत्तर मागू नकोस, तुझा परिच्छेद दे आणि विचार, ‘यातलं कुठलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही कवितेवरही चाललं असतं?’ जे चाललं असतं ते काढून टाक. हे अर्थात शाळेच्या नियमांत बसत असेल तरच, आणि गुणांसाठी द्यायच्या लेखनात अजिबात नाही.

उतरायचं कोणी, हेही सांगते. हळू वाचणाऱ्याने उतरू नये, पेपर १ ला हळू वाचणारे बरेचदा पुढे जातात. विज्ञानाकडे जाणाऱ्यानेही केवळ त्या कारणाने उतरू नये. माझ्या वर्गातली सगळ्यात काटेकोर वाचणारी मुलगी गणितातली होती, पुराव्याशिवाय तिला बोलवतच नसे. ज्याला एका ओळीचे दोन अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात याचा मनापासून वैताग येतो, आणि तो सत्र संपलं तरी कमी होत नाही, त्याने खुशाल उतरावं, त्यात कमीपणा नाही. तुझं तसं आहे का ते तुझ्या प्रश्नावरून मला कळत नाही, पण बाईंच्या तीन शब्दांच्या शेऱ्याचा अर्थ तू विचारायला आलीस, म्हणजे बहुधा नसावं.

आता चाचणीतला तोच उतारा काढ. नवा नको. त्यात तुला जिथे काहीतरी वाटलं होतं अशा तीन जागा शोध आणि प्रत्येकीतला एकच शब्द अधोरेखित कर. तो शब्द बदलून त्याच अर्थाचा दुसरा घाल, ओळ मोठ्याने वाच, काय बिघडलं ते दोन वाक्यांत लिही. तीन जागा, सहा वाक्यं. तेवढं घेऊन बाईंकडे जा, गुण विचारू नकोस, ‘ही गोष्ट आहे की नाही’ एवढंच विचार.